पहाटे न उचलणारी पिकअप आणि कुर्ल्यातील एका गॅरेजचे निदान

आमचा फुलांच्या सजावटीचा व्यवसाय भांडुप पश्चिमेला आहे आणि त्यासाठी लागणारा जवळजवळ सगळा माल दादरच्या फूलबाजारातून येतो. पहाटे साडेतीनला गाडी टेंभीपाड्याच्या चढावरून हलली नाही, तर चार-सव्वाचारला दादर गाठता येत नाही, आणि उशिरा पोहोचणाऱ्याच्या वाट्याला इतरांनी निवडून उरलेला झेंडू येतो. गाडी २०१८ सालची, बीएस-४ या प्रदूषण-मानकाच्या डिझेल इंजिनाची पिकअप आहे. तिच्या कंपनीचे नाव मुद्दाम देत नाही, कारण पुढे दिसेल त्याप्रमाणे दोष बनावटीचा नव्हता. गॅरेजचे नावही देत नाही, पण त्याचे कारण वेगळे आहे: तिथे एका वेळी दोनच गाड्या उभ्या राहतात, आणि ‘नाव लिहू नका, असलेलीच कामे उरकत नाहीत’ अशी मालकांनी स्वतः विनंती केली. तरीही हा अभिप्राय लिहितो आहे, कारण गाडी उशिरा उचलते, म्हणजे उशिरा सुरू होते, म्हणून सुटे भाग बदलत बसणे आणि ती उशिरा का उचलते याचा शोध घेणे ही दोन वेगळी कामे आहेत, आणि दुसरे काम पैसे देऊन करून घेता येते हे मला वयाच्या पन्नाशीत कळले.

तक्रार जुलैच्या दुसऱ्या आठवड्यात सुरू झाली. आठवड्यातून एखाद-दुसऱ्या पहाटे सेल्फ (इंजिन सुरू करणारी मोटर) व्यवस्थित, जोरात फिरे, पण इंजिन उचलत नसे. दहा सेकंद सेल्फ मारायचा, थांबायचे, पुन्हा मारायचा, असे चार-पाच वेळा केल्यावर ते थरथरत सुरू होई आणि मग दिवसभर, दादरला दोन तास उभे राहूनही, किल्ली फिरवताच चालू होई. बाकीच्या पहाटे तर काही झालेच नाही अशा थाटात पहिल्या फटक्यात सुरू. रोज बंद पडणारी गाडी बरी, कारण ती मिस्त्रीसमोरही बंद पडते. ही मात्र गॅरेजात नेली की शहाण्यासारखी वागे.

पहिल्या अडीच महिन्यांत आम्ही जे केले ते थोडक्यात सांगतो. एका ठिकाणी सेल्फ उघडून दुरुस्त करून घेतला, ३,८०० रुपये. दुसऱ्या ठिकाणी हीटर प्लगचा (थंड इंजिन आतून तापवणाऱ्या प्लगचा) पूर्ण संच बदलला, ५,२०० रुपये. ऑगस्टमध्ये मुंबईचे पहाटेचे तापमान २५ अंशांच्या आसपास असते आणि अशा हवेत हीटर प्लग कमजोर असला तरी निरोगी डिझेल इंजिन सहसा अडत नाही, हे तेव्हा मला कोणी सांगितले नाही आणि मीही विचारले नाही. एका सेवा केंद्रात ९०० रुपये घेऊन स्कॅनर (इंजिनाच्या संगणकातल्या नोंदी वाचणारे यंत्र) लावला गेला आणि ‘कोणताही दोष आढळला नाही’ असा कागद हाती आला. अखेर गणपतीच्या दोन दिवस आधी ७,६०० रुपयांची नवी बॅटरी टाकली आणि दोष खरोखरच नाहीसा झाला. ऐन फुलांच्या हंगामात गाडीने एकदाही दगा दिला नाही. बॅटरीवाल्याला मी मिठाईचा पुडा नेऊन दिला. अनंत चतुर्दशीनंतर तिसऱ्याच पहाटे गाडी पुन्हा तशीच अडली.

पितृपक्षात सजावटीची कामे जवळजवळ नसतात, त्यामुळे गाडी चार दिवस हातातून गेली तरी चालण्यासारखे होते. ओळखीच्या एका टेम्पोवाल्याने कुर्ला पश्चिमेला, लाल बहादूर शास्त्री मार्गावरून आत जाणाऱ्या एका गल्लीतील या गॅरेजचा पत्ता दिला. मेट्रोच्या कामामुळे भांडुपहून तिथे पोहोचायलाच सव्वा तास लागला. मालक हेच मुख्य मिस्त्री आहेत, साठीच्या आसपासचे, बोलणे कमी. त्यांनी बॉनेट उघडले नाही. आमच्या चालकाला समोर स्टुलावर बसवले आणि प्रश्न विचारायला सुरुवात केली.

ते प्रश्न मी जसेच्या तसे लिहून ठेवले आहेत, कारण माझ्या मते या सेवेचा निम्मा मोबदला त्यांचाच आहे. सेल्फ फिरतच नाही, दमून फिरतो की नेहमीच्या वेगाने फिरतो? सेल्फ मारताना सायलेन्सरमधून धूर येतो का, आणि आला तर पांढरा की काळा? हा त्रास रात्रभर उभ्या राहिलेल्या गाडीला होतो की गरम असताना बंद करून लगेच सुरू करताना? त्या दिवशी टाकीत डिझेल किती होते? आणि शेवटी, पहिल्यांदा हे घडले त्याच्या आधीच्या महिन्यात गाडीचे कोणते काम केले होते? चालकाने उत्तर दिले की सेल्फ जोरात फिरतो, धूर अजिबात दिसत नाही, आणि त्रास फक्त पहाटेच होतो. शेवटच्या प्रश्नाचे उत्तर माझ्या फाईलमधल्या बिलात होते: जूनच्या अखेरीस सर्व्हिसिंग, त्यात डिझेल फिल्टर बदललेला. मिस्त्रींनी बिल वाचले, परत दिले आणि त्यावर काही बोलले नाहीत.

धुराच्या प्रश्नामागचे कारण त्यांनी नंतर समजावले. डिझेल इंजिनात ठिणगी नसते. दट्ट्या (पिस्टन) हवा इतकी दाबतो की तिच्या उष्णतेनेच डिझेल पेटते. सेल्फ फिरताना पांढरा धूर येत असेल तर डिझेल आत पोहोचते आहे पण जळत नाही, म्हणजे हीटर प्लग, दट्ट्यांचा दाब किंवा डिझेल आत फवारणारे नोझल यांच्याकडे बघावे. धूरच नसेल तर डिझेल आत जातच नाही, असे धरून चालावे. एवढ्या एका निरीक्षणावर आमच्या हीटर प्लगचे ५,२०० रुपये वाचले असते.

तरीही त्यांनी विजेची बाजू गृहीत धरली नाही, मोजून घेतली. बॅटरी उभ्या गाडीत १२.६ व्होल्ट दाखवत होती. सेल्फ फिरत असताना ती १०.४ पर्यंत उतरली. ९.६ च्या खाली गेली असती तर बॅटरी किंवा सेल्फ यांच्यावर संशय घ्यायला जागा होती, असे ते म्हणाले. मग मीटरची एक तार बॅटरीच्या ऋण टोकाला आणि दुसरी सेल्फच्या बॉडीला लावून पुन्हा सेल्फ मारायला सांगितला. अर्थिंगची पट्टी (बॅटरीचे ऋण टोक गाडीच्या सांगाड्याला जोडणारी) गंजली असेल तर इथे अर्धा-पाऊण व्होल्ट सहज दिसतो, आणि खाऱ्या हवेच्या या शहरात ती गंजलेली असणे नवलाचे नाही. आमच्या गाडीत ०.१ व्होल्ट आला. वीज निर्दोष ठरली, म्हणजे दुरुस्त केलेला सेल्फ आणि नवी बॅटरी हे दोन्ही खर्च अनावश्यक होते हेही त्याच दहा मिनिटांत ठरले. मिस्त्रींनी ते बोलून दाखवले नाही, एवढे सौजन्य त्यांच्यापाशी होते.

पुढचा भाग स्कॅनरचा. आधीच्या केंद्रात स्कॅनरवर फक्त साठवलेले दोष वाचले गेले होते आणि ते नव्हतेच. इथे मिस्त्रींनी सेल्फ फिरत असताना पडद्यावर इंजिनाचे फेरे आणि कॉमन रेलमधील दाब हे दोन आकडे सतत पाहिले. आजच्या डिझेल गाड्यांत नोझलांना डिझेल पुरवणारी एक सामाईक नळी असते, तीच कॉमन रेल. भार घेऊन धावणाऱ्या गाडीत तिच्यातला दाब १,००० बारच्या (बार हे दाबाचे एकक) बराच वर जातो आणि सुरू होतानाही साधारण २०० बार दाब तयार झाल्याशिवाय संगणक नोझल उघडू देत नाही. त्या दुपारी आमची गाडी अर्थातच ताबडतोब सुरू झाली आणि दाब सेकंदाच्या आत चढला. मिस्त्री एवढेच म्हणाले, ‘आज ती बरी आहे. आजाराच्या दिवशी बघायला हवं.’ त्यांनी गाडी ठेवून घेतली नाही आणि कोणताही भाग बदलला नाही. दोन कामे मात्र नेमून दिली.

पहिले काम म्हणजे वही. रोज पहाटे चालकाने लिहायचे: गाडी किती वाजता उभी केली, कुठे उभी केली, तोंड कुठल्या दिशेला होते, टाकीचा काटा कुठे होता, पाऊस होता का, आणि किती सेकंदांत उचलली. ‘कुठे उभी केली’ याचा काय संबंध, असे मला त्या वेळी वाटले होते. दुसरे काम असे की, ज्या पहाटे गाडी पहिल्या फटक्यात उचलणार नाही, त्या पहाटे पुन्हा सेल्फ मारायचा नाही. बॉनेट उघडून फिल्टरजवळचा रबरी हातपंप दाबायचा, तो कितव्या दाबाला घट्ट होतो ते मोजायचे, आणि मगच किल्ली फिरवायची. स्टार्टिंग स्प्रे अजिबात मारायचा नाही, हे त्यांनी दोनदा सांगितले. हीटर प्लग तापलेले असताना तो फवारा वेळेआधीच भडकतो आणि दट्ट्याचे नुकसान करू शकतो.

सहाव्या पहाटे योग आला. चालकाने मला फोन केला, ‘दादा, आज नाही उचलली, खाली या.’ पाऊस नुकताच थांबला होता. मी मोबाइलचा उजेड धरला आणि तो हातपंप दाबू लागला. पहिले दहा-बारा दाब पंप रिकामा आणि मऊ लागत होता, आतून फक्त फुसफुस ऐकू येत होती. अठराव्या दाबाला त्यात जीव आल्यासारखे वाटले आणि सव्विसाव्या दाबाला तो दगडासारखा घट्ट झाला. किल्ली फिरवली, गाडी तत्क्षणी सुरू झाली. ज्या गोष्टीवर आम्ही साडेसतरा हजार रुपये घालवले होते, तिचे उत्तर फुकटात, अंधारात, अंगठ्याखाली मिळाले होते: रात्रीतून डिझेल फिल्टरमधून मागे टाकीकडे उतरत होते आणि त्याच्या जागी हवा शिरत होती. मिस्त्रींच्या भाषेत गाडी ‘एअर पकडत’ होती. हवा दाबली जाते, म्हणून इंजिनावरचा डिझेल पंप कितीही फिरला तरी ती हवा निघून जाईपर्यंत रेलमध्ये दाब चढत नाही.

वही घेऊन आम्ही परत कुर्ल्याला गेलो. आठ दिवसांच्या नोंदी होत्या आणि त्यांत अडलेल्या पहाटा दोन. त्या दोन्ही पहाटे गाडी चढावर, तोंड वर करून उभी होती आणि टाकी पावपेक्षा कमी भरलेली होती. एकदा गाडी चढावरच होती पण टाकी भरलेली होती, तेव्हा पाच सेकंद लागले. खालच्या सपाट जागेत उभी होती त्या प्रत्येक पहाटे लगेच सुरू झाली. मिस्त्रींनी बोट त्या ‘कुठे’ या रकान्यावर ठेवले आणि विचारले, ‘सपाट जागा रोज का मिळत नाही?’

मिळत नाही, कारण ती आमच्या शेजाऱ्यांची आहे. त्यांची प्रवासी गाडी बाहेरगावी गेलेली असेल तर आमची पिकअप तिथे लागते, नाहीतर वर चढावर. आणि दरवर्षीप्रमाणे गणपतीला ते बारा दिवस गाडीसह कोकणात गेले होते. नवी बॅटरी बसल्यापासून अनंत चतुर्दशीपर्यंत आमची गाडी रोज सपाटीवर उभी होती. मिठाईचा पुडा खरे म्हणजे शेजाऱ्यांना द्यायला हवा होता.

चढावर गाडीचे तोंड वर असले की इंजिनाजवळचा फिल्टर टाकीपेक्षा अधिक उंचावर येतो, टाकी जितकी रिकामी तितका हा फरक वाढतो, आणि नळीतल्या डिझेलचे वजन त्याला मागे ओढत राहते. सांधा पक्का असेल तर ते जागचे हलत नाही. कुठेतरी केसाएवढी फट असली की तिथून हवा आत येते आणि डिझेल पाच-सहा तासांत उतरते. अशा फटीतून बाहेर एक थेंबही दिसत नाही, कारण ही बाजू ओढीची आहे. डिझेल बाहेर सांडत नाही, हवा आत खेचली जाते. म्हणून जमिनीवर डाग शोधणारा मिस्त्री फसतो.

आता फट शोधायची होती. कुर्ल्याच्या गल्लीत चढ नाही, म्हणून त्यांनी पुढची दोन्ही चाके लोखंडी रॅम्पवर चढवली, फिल्टर आणि इंजिनावरचा पंप यांच्यामधली काळी नळी काढून तिथे पारदर्शक नळी लावली आणि गाडी रात्रभर तशीच ठेवली. सकाळी सातला मी तिथे हजर होतो. नळीचा वरचा अर्धा भाग रिकामा होता. सेल्फ मारल्यावर तिच्यातून गव्हाच्या दाण्याएवढे बुडबुडे एकामागोमाग धावू लागले, आणि स्कॅनरवर रेलचा दाब सात सेकंद १०० बारच्या खाली रखडला. मग त्यांनी चारही नोझलांच्या परतीच्या नळ्या छोट्या बाटल्यांत सोडून परत येणारे डिझेल मोजले. चारही बाटल्या सारख्याच भरल्या, म्हणजे नोझलही संशयातून सुटले. ही शेवटची तपासणी त्यांनी केली नसती तरी त्यांच्या लेखी निदान झालेच होते. ती त्यांनी माझ्या समाधानासाठी केली असे वाटते.

इथपर्यंत सगळे कौतुकाचे आहे, पण पहिली दुरुस्ती चुकली हेही लिहायला हवे. मिस्त्रींना हातपंपातील झडपेचा संशय होता. त्यांनी ६५० रुपयांचा नवा हातपंप बसवला आणि गाडी दिली. घटस्थापनेनंतर तिसऱ्या दिवशी, चढावर, टाकी पाव असताना, ती पुन्हा अडली. दसऱ्याच्या झेंडूची मोठी खरेदी तोंडावर आली होती आणि माझा राग अनावर झाला होता, हे कबूल करतो. फोनवर त्यांनी सारवासारव केली नाही. ‘माझी चूक झाली, आज रात्री घेऊन या,’ एवढेच म्हणाले. या वेळी त्यांनी पारदर्शक नळी फिल्टरच्या अलीकडे, टाकीच्या बाजूला लावली, तेव्हा तिथे डिझेल जागच्या जागी, बुडबुड्याशिवाय दिसले, आणि पलीकडे मात्र बुडबुडे होते. म्हणजे हवा फिल्टरच्या डोक्यातूनच शिरत होती. फिल्टर उघडल्यावर सांधा हवाबंद ठेवणारी गोल रबरी ओ-रिंग हातात आली: एका जागी चपटी, थोडी पिळवटलेली आणि नखाने वाकवली तर तडकणारी. जूनच्या सर्व्हिसिंगमध्ये फिल्टर नवा टाकला होता, रिंग मात्र जुनीच ठेवली होती. बिलात ‘फिल्टर संच’ असे लिहिले आहे. संचात रिंग असते. ती कुठे गेली हे त्या सर्व्हिसिंगवाल्यांनाच ठाऊक.

नवी रिंग, तिला हलके डिझेल लावून बसवणे आणि सगळी लाइन पुन्हा भरणे, याचे १८० रुपये झाले. दुसऱ्या खेपेची मजुरी त्यांनी घेतली नाही आणि हातपंपाचे पैसेही परत देऊ केले. जुना पंपही थकलेला असल्याने मी ते घेतले नाहीत. निदानाचे वेगळे १,५०० रुपये मात्र पहिल्याच दिवशी, गाडीत काहीच सापडले नव्हते तेव्हा, रोख घेतले होते. पुष्कळ जणांना हे खटकेल. मलाही त्या दिवशी खटकले होते. पण जो मिस्त्री शोधाचे पैसे घेत नाही, त्याला ते भाग विकूनच मिळवावे लागतात, आणि माझे आधीचे साडेसतरा हजार त्याच मार्गाने गेले.

उणिवा आहेत आणि त्या किरकोळ नाहीत. बसायला जागा नाही, गल्लीत गाडी उभी करताना वाहतूक पोलिसांची धास्ती असते, फोन तीनपैकी एकदा उचलला जातो. बिल हाताने लिहिलेले मिळते आणि त्यावरून मालाची किंमत व मजुरी वेगळी कळत नाही. हिशेब ठेवणाऱ्या व्यावसायिकाने ते आग्रहाने वेगळे लिहून घ्यावे. गाडी दोन रात्री तिथे राहिली, तेव्हा मला भाड्याचा टेम्पो करावा लागला, त्याची कल्पना त्यांनी आधी दिली असती तर बरे झाले असते. तातडीच्या कामासाठी, म्हणजे आज बंद पडली आणि उद्या मुहूर्त आहे अशा वेळी, ही जागा उपयोगाची नाही.

आणखी एक गोष्ट मिस्त्रींनी चालकाला बजावली होती, ती इतरांच्या उपयोगी पडेल म्हणून नोंदवतो. गाडी थंड असताना नीट सुरू होते पण गरम असताना बंद केल्यावर वीस-तीस मिनिटे अडते, अशी तक्रार असेल तर आमचे निदान तिथे लावू नये. तिथे क्रँक सेन्सर (इंजिनाचे फेरे मोजणारा) तापून दगा देतो का, सेल्फ फिरताना स्कॅनरवर इंजिनाचे फेरे शून्य दिसतात का, आणि नोझल परतीकडे जास्त डिझेल सोडतात का, हे पाहावे लागते. आणि कोणत्याही परिस्थितीत दहा-पंधरा सेकंदांपेक्षा जास्त वेळ सलग सेल्फ मारू नये. तो तापतो, आणि मग मूळ दोषासोबत दुसरा दोष विकत घेतला जातो.

दसऱ्याच्या आदल्या रात्री टाकी मुद्दाम पाववर ठेवून गाडी चढावर, तोंड वर करून लावली होती. पहाटे तीनला ती दोन सेकंदांत सुरू झाली, आणि त्यानंतर दिवाळी व तुळशीच्या लग्नापर्यंतच्या वहीत पाच सेकंदांची एकही नोंद नाही. गॅरेज रविवारी बंद असते. जाणाऱ्याने सकाळी दहाच्या आत जावे, मागील वर्षभराची सर्व्हिसिंगची बिले सोबत ठेवावीत, आणि गाडी रोज चालवणाऱ्या माणसालाच घेऊन जावे. गाडीचा मालक एकटाच गेला तर मिस्त्री त्याला चहा पाजून परत पाठवतात.